मागच्या बाकावरची डुलकीबाई

माझी नणंद कॉलेजात जाऊन मागच्या बाकावर डोळे मिटून बसते आणि त्याचा तिला पगार मिळतो. आमच्याकडे तिच्या नोकरीची ओळख अशीच करून दिली जाते. ही ओळख तिच्या भावाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तयार केली आहे आणि ती ऐकून सगळ्यात जास्त तीच हसते.

ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मी लग्न होऊन आले तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जायची, आणि सासूबाईंनी बजावलं होतं की नणंद लहान असली तरी तिला वन्संच म्हणायचं. मी म्हणत राहिले. पुढे सासूबाई गेल्या, वेण्या गेल्या, वन्सं मात्र राहिली. आता तिला चिडवायचं असलं की मी म्हणते, "या वन्सं, बसा." ती म्हणते, "वहिनी, पुन्हा वन्सं म्हणालीस तर चहा न पिता जाईन." चहा न पिता ती कधीच गेलेली नाही.

कॉलेजात येण्याआधी एकोणीस वर्षं ती औषधाच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यात नोकरभरतीचं काम करायची. समोर येऊन बसणारी मुलं हुशार असायची. गुणपत्रिका बघितली की वाटायचं, यांना आपण काय विचारणार. पण "यंत्र मध्येच बंद पडलं तर काय कराल?" असं विचारलं की मुलं यंत्राची व्याख्या सांगायची. पाठ केलेलं संपलं की खाली बघायची. कधीकधी त्या खोलीत इतकी शांतता व्हायची, ती सांगते, की शेजारच्या विभागात बाटल्या एकमेकींवर घासल्याचा किणकिण आवाज यायचा, आणि समोरचं मूल आणि ती, दोघंही तो ऐकत बसायची. मग एक दिवस तिला वाटलं, नळाखाली बादली धरून किती दिवस बसणार, वर टाकीत काय आहे ते तरी बघावं. तिने कमी पगारावर कॉलेजातली जागा घेतली.

पदाचं नाव कार्यसज्जता समन्वयक. शिपायाला ते कधी पुरतं उच्चारता आलं नाही. मुलांनी प्रयत्नच केला नाही, त्यांनी तिला सरळ डुलकीबाई करून टाकलं. काम असं, की प्राध्यापकांच्या तासाला जाऊन बसायचं, आणि मग त्यांच्या जोडीने त्याच विषयाची मांडणी अशी बदलायची की उद्या नोकरीत लागणाऱ्या गोष्टी मुलांच्या हाताला त्या तासातच लागाव्यात. नीट सांगणं, नीट ऐकणं, अडलं तर विचारणं, आपलं चुकलं तर तसं म्हणणं. त्यासाठी वेगळा वर्ग नाही, सुट्टीतलं शिबिर नाही. इतिहासवाल्यांनी इतिहासच शिकवायचा, गणितवाल्यांनी गणितच.

"डोळे का मिटतेस पण?" मी एकदा विचारलं होतं.

"उघडे असले की फळा दिसतो, आणि फळ्यावर सगळं छानच असतं. मिटले की कळतं कोण बोलतंय."

मांडीवर कागद ठेवून ती बसते. शिकवणाऱ्याखेरीज कुणीही तोंड उघडलं की न बघताच एक रेघ ओढते. कागदभर रेघा एकमेकींवर चढलेल्या असल्या की ती खुशीत घरी येते. वनस्पतिशास्त्राच्या सरांच्या पहिल्या तासाचा कागद तिने मला दाखवला होता. पन्नास मिनिटांत एक रेघ. ती शिपायाची होती, तो सूचनेवर सही घ्यायला आला होता.

त्या तासाचं वर्णन ती करायची तेव्हा माझेही डोळे जडावायचे. पंख्याची घरघर, बाकांवरून हळूहळू सरकणारं दुपारचं ऊन, सरांचा मऊ, एका सुरातला आवाज, पानांच्या रंध्रांबद्दल काहीतरी. कुणीतरी पाण्याखालून बोलावं तसं. सगळा वर्ग त्या आवाजावर तरंगत असायचा, आणि तास संपल्याची घंटा झाली की प्रत्येक जण आपापल्या काठाला लागायचा. त्या वर्गात खिडकीजवळ तिसऱ्या बाकावर माझी मुलगी बसायची.

घरात तिला चिऊ म्हणतात, आणि चिऊ चिवचिवत नाही हा आमचा जुना विनोद. लहानपणी तो विनोद होता. शेवटच्या वर्षाला आली तेव्हा त्यावर कुणी हसेनासं झालं होतं. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत ती अकरा मिनिटं गप्प बसली, मग त्यांनीच तिला "या आता" म्हटलं. दुसऱ्या मुलाखतीला ती आत गेलीच नाही. इमारतीसमोरच्या बसथांब्यावर दोन तास बसून परत आली आणि मला म्हणाली, "झाली." मला खरं कळलं ते चार दिवसांनी, तिच्या पिशवीत मुलाखतीला बोलावल्याचं, तिथे न दाखवलेलं पत्र सापडलं तेव्हा. तिसरी मुलाखत बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. हेच काम तिला मनापासून हवं होतं. लहानपणी डाळ निवडायला बसली तर उठवावी लागायची, अशी तिची नजर. मुलाखतीला महिना होता, आणि मला वाटत होतं की या वेळीही ती गप्प राहिली तर पुढे कुठे जायचंच नाव काढणार नाही.

मी नणंदेला म्हटलं, "तू इतक्या मास्तरांना शिकवतेस, रोज अर्धा तास माझ्या मुलीला दे ना."

ती नाही म्हणाली.

"मी तिला चार वाक्यं पाठ करून देईन, वहिनी. पाचवा प्रश्न आला की?"

"चार तरी येतील."

"मग ती त्या चार वाक्यांच्या आड जाऊन बसेल. आता निदान दिसते तरी."

मला राग आला. आत्या असून एवढं होत नाही, मग काय डोंबलाचा समन्वय, असं काहीतरी मी पुटपुटले. तिने ते ऐकलं. चहाही प्यायली. त्यानंतर चार-पाच दिवस मी तिला फोन केला नाही.

त्याच आठवड्यात चिऊ एक उत्तरपत्रिका घेऊन घरी आली. दहापैकी दहा. वर लाल शाईने लिहिलेलं, 'उत्कृष्ट'. विषय वनस्पतिशास्त्र, आणि प्रश्न: संवादकौशल्य म्हणजे काय ते सांगून त्याची पाच अंगे सविस्तर लिहा. चिऊने पाचही लिहिली होती, प्रत्येकाखाली पट्टीने रेघ मारून. नजरेला नजर देणे. स्पष्ट उच्चार. समोरच्याचे बोलणे मध्येच न तोडणे. मी ते नवऱ्याला दाखवलं, शेजारणीला दाखवलं. राग विसरून नणंदेला बोलावलं आणि चहाच्या कपाशेजारी उत्तरपत्रिका ठेवली, जरा जोरातच.

"बघ. तुझ्याशिवाय झालं."

तिने वाचली. पान उलटलं, पुन्हा पहिलं पान काढलं.

"वहिनी, हा माझा कागद आहे."

"म्हणजे?"

"सरांना मी अर्धं पान लिहून दिलं होतं. त्यांच्यासाठी. शिकवताना कशाकशाकडे लक्ष द्यायचं त्याचं. त्यांनी ते वर्गाला उतरवून दिलं, आणि त्यावर परीक्षा घेतली." ती हसायला लागली आणि मध्येच थांबली. "सगळ्या वर्गाला दहापैकी दहा असतील बघ. पन्नास पोरं संवादकौशल्य लिहीत होती आणि वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती."

चिऊ दारात उभी होती. आत्याने तिला विचारलं, "परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणाशी बोललीस का गं यावर?"

चिऊने मान हलवली. नाही.

चूक सरांची नव्हती, हे नणंद आजही सांगते. एकतीस वर्षं त्यांनी जे हाती आलं ते मन लावून उतरवून दिलं होतं, हेही दिलं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस, "मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, नोकऱ्या लावणं माझं काम नाही" असं पहिल्या भेटीत म्हणालेला. तरी त्याने रात्र जागून तिच्या अर्ध्या पानाचं अडीच पानांचं टिपण केलं होतं. दुसऱ्या दिवशी ती उत्तरपत्रिका घेऊन त्यांच्याकडे गेली, तेव्हा ते आनंदात होते.

"बघितलंत ना बाई? तुमचा विषय मुलांनी माझ्या विषयापेक्षा चांगला लिहिला."

"सर, कागद मी दिला, चूक माझी. पण मला एक सांगा. ही मुलगी तीन वर्षं तुमच्या वर्गात आहे. माझी भाची आहे, म्हणून विचारते. हिचा आवाज कसा आहे?"

सरांनी चष्मा काढून पुसला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. मग म्हणाले, "अक्षर चांगलं आहे."

"ते आहेच."

"आवाज मला आठवत नाही." चष्मा डोळ्यांवर चढवून ते म्हणाले, "बहुतेकांचा नाही आठवत."

मग ते पुढच्या तासाला निघून गेले. तिसऱ्या दिवशी आपणहून तिच्या खोलीत आले आणि बसायच्या आधीच सांगायला लागले. ते शिकत होते तेव्हा त्यांच्या गुरुजींची दृष्टी जात चालली होती. सूक्ष्मदर्शकात गुरुजींना नुसता उजेड दिसायचा. मग विद्यार्थ्याने बघायचं आणि सांगायचं, आणि गुरुजींनी ऐकून कागदावर आकृती काढायची. चुकीचं सांगितलं की आकृती चुकायची, आणि चुकीची आकृती बघून गुरुजी म्हणायचे, असं झाड मला कुठे भेटलं नाही बुवा. "मी वनस्पतिशास्त्र शिकलो ते त्या दोन वर्षांत," सर म्हणाले. "नंतरचं सगळं पाठांतर. आणि मी मुलांना शिकवलं ते नंतरचं."

नणंदेने त्यात आपली एकच भर घातली. आकृती काढणारा माणूस वनस्पतिशास्त्रातला नको. ज्याला काहीच माहीत नाही असा हवा.

म्हणून मला बोलावणं आलं. "तुझी पात्रता पूर्ण आहे, वहिनी. अर्थशास्त्राची पदवी आहे आणि देठ कुठे संपतो नि मूळ कुठे सुरू होतं ते तुला कळत नाही."

"मी चिऊसमोर बसणार?"

"मुळीच नाही. तू तिच्याकडे बघायचंही नाही."

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती. लांब काळी टेबलं, कडेला पाण्याची कुंडं, भिंतीवरच्या फळ्यांवर काचेच्या बरण्यांत वर्षानुवर्षं औषधी पाण्यात झोपलेली मुळं आणि फळं. स्पिरिटचा वास. खिडक्यांबाहेर उंच झाडं होती, त्यामुळे आतला उजेडही हिरवट, तळ्याच्या तळाशी असावा तसा. आम्हा अडाण्यांना एकेका सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं होतं: ग्रंथालयातल्या बाई, उपाहारगृहातला आचारी, कार्यालयातले दोन कारकून, काही मुलांचे आईवडील. प्रत्येकाच्या हातात पेन्सिल. सर टेबलांमधून फिरत होते, आणि त्यांना बोलायला काही नव्हतं. इतका अवघडलेला माणूस मी लग्नाच्या मांडवातही पाहिला नाही.

माझ्या वाट्याला आली ती मुलगी जिला वर्गात रेडिओ म्हणतात. तिने डोळा लावला आणि सुरू केलं, "काकू, आधी मोठं वर्तुळ काढा, नको, थोडं चपटं, म्हणजे चपाती कडेला दुमडते ना तसं, आता आत लाल लाल, अहो लाल पेन्सिल नाहीये का, बरं मग ठिपके द्या." माझा हात धावत होता आणि कान पलीकडच्या टेबलावर होता.

तिथे चिऊ होती आणि तिच्यासमोर कॉलेजचा पहारेकरी. मोठा थोराड माणूस, टोपी काढून मांडीवर ठेवलेली, पेन्सिल मुठीत काठीसारखी धरलेली. चिऊ सूक्ष्मदर्शकात बघत होती. बघतच होती. पाच मिनिटं झाली असतील. सर तिकडे वळले, त्यांच्या ओठांवर शब्द आलाच होता. मागच्या बाकावरून नणंदेने, त्यांची पावलं ऐकून, डोळे न उघडता हात वर केला आणि ते थांबले. मला वाटलं, आता मीच उठते. रेडिओ म्हणाली, "काकू, ठिपके गोलाच्या बाहेर गेले."

पहारेकरी म्हणाला, "ताई, सावकाश. माझी ड्यूटी दोनला संपते."

पंखा फिरत होता. मग मला एक आवाज ऐकू आला आणि क्षणभर तो कुणाचा ते मलाही कळलं नाही, इतका तो तिथल्या हिरव्या उजेडातून आल्यासारखा होता.

"काका, गोल काढा."

"केवढा?"

"वाटीएवढा. त्याच्या आत, कडेकडेने, गुच्छ आहेत. एकमेकांपासून सारख्या अंतरावर. फेर धरून उभे असल्यासारखे."

"किती?"

"थांबा, मोजते." तिने मोजले. "आणि प्रत्येक गुच्छात भोकं आहेत."

"भोकं? किडलंय का मग?"

"नाही हो. पाणी जातं त्यातून. वर, पानांकडे."

"म्हणजे नळ."

"हो. म्हणजे, नाही." ती डोळा काढून त्याच्याकडे बघायला लागली. "नळात पाणी मागून ढकलतात. इथे वरून ओढतात. पानांतून वाफ उडते ना, तिच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. अख्ख्या झाडात, न तुटता. धाग्यासारखं."

पहारेकऱ्याने पेन्सिल खाली ठेवली. "मी फाटकाजवळच्या झाडाखाली बसतो तेव्हा माझ्या डोक्यावर हे चाललेलं असतं?"

"सगळा दिवस."

"आणि रात्री? रात्रपाळीला पण मीच असतो."

चिऊ थांबली. मला तिची ती थांबण्याची पद्धत ठाऊक आहे. खांदे आत जातात, मान खाली जाते, आणि मग काही केल्या ती बाहेर येत नाही.

"रात्रीचं मला नक्की माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्ही एवढं काढा, मी सरांना विचारून येते."

आणि ती उठली. टेबलांमधून चालत सरांकडे गेली आणि विचारायला लागली. सर वाकून ऐकत होते, त्यांना मोठ्याने बोललेलंही ऐकू येत नसावं इतकं वाकून. मागच्या बाकावर नणंदेच्या कागदावर पेन्सिलीची रेघ ओढल्याचा आवाज मला खरोखर आला की तसं वाटलं, सांगता येणार नाही.

नंतर रेडिओने मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू दिला. खूप उंचावरून संध्याकाळचं शहर दिसावं, घराघरांत नुकते दिवे लागलेले असावेत, तसं ते होतं. एवढं सगळं त्या दोरीएवढ्या देठात. माझ्या कागदावर मात्र पुरण फुटलेल्या करंजीसारखं काहीतरी उतरलं होतं. रेडिओ समजुतीने म्हणाली, "काकू, चूक माझी आहे. मी फार पटापट सांगितलं."

मुलाखतीपर्यंत आणखी तीन आठवडे होते. दर आठवड्याला एकदा सगळे तसेच बसले. पुढच्या वेळी आचाऱ्याने चिऊला छळलं, त्याला प्रत्येक गोष्ट खायची आहे का ते हवं होतं. मुलाखतीच्या दिवशी ती सकाळी गेली आणि मी दिवसभर तोच ओटा पुसला. नवरा म्हणाला, "दगड झिजेल." पाच वाजता ती आली, चप्पल काढता काढताच बोलायला लागली.

त्यांनी तिच्यापुढे बियांचं तबक ठेवलं होतं आणि विचारलं, हा माल घ्यावा की परत पाठवावा. ती म्हणाली, एवढ्या बियांवरून मी सांगणार नाही, आणखी नमुना लागेल. त्यांच्यातला एक जण म्हणाला, नमुना मिळणार नाही, आत्ता सांगा. ती म्हणाली, मग मी लिहून देईन की पुरेसा नमुना मिळाला नाही. तो म्हणाला, असं लिहून चालत नाही. ती म्हणाली, मग कसं लिहितात ते मला दाखवा, मला माहीत नाही. मग तो हसला, की रागावला, तिला ठरवता आलं नाही, पण त्याने खरोखर वही काढून दाखवलं, आणि त्या वहीतली एक पद्धत तिला पटली नाही, तेही तिने सांगितलं.

"सांगितलंस?" मी म्हटलं.

"मग? चुकीची होती."

नोकरी द्यायला बसलेल्या माणसाला कुणी असं म्हणतं का. मी नणंदेला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती वेळ बोलतेय?"

"चाळीस मिनिटं झाली. अजून पाणी प्यायली नाहीये."

पलीकडे ती खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "फोन चालू ठेव. मी डोळे मिटून ऐकते."

मी फोन टेबलावर ठेवला.

बारा दिवसांनी पत्र आलं. सहा महिन्यांसाठी घेतलं होतं, काम बघून पुढचं ठरवणार होते. पत्रात वहीचा उल्लेख नव्हता. ते सहा महिने आता संपत आलेत, आणि पुढे काय ही काळजी माझ्या मनात जागच्या जागी आहे. पण आज जेवताना चिऊ तिच्या बाबांना सांगत होती की ते बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालतात ते कसं चुकतं, किती चुकतं आणि किती वर्षं चुकत आलंय. बाबा घास हातात धरून ऐकत होते. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, पुरे आता, जेवू दे त्यांना. मी पाण्याचा घोट घेतला आणि तिला भाजी वाढली.